कौतुक पुरे, आता हिशेब मांडा

फेब्रुवारी २०२३मध्ये नील मोहन यूट्यूबचे प्रमुख झाले, त्या आठवड्यात आपल्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी काय छापलं, काय दाखवलं, ते आठवून पाहा. भारतीय वंशाचे, शाळेची काही वर्षं लखनौत काढलेले, स्टॅनफर्डचे पदवीधर. ट्विटरने पळवू नये म्हणून गुगलने ज्यांना दहा कोटी डॉलरचे शेअर दिले, असं अमेरिकी पत्रकारांनी लिहिलं, ते हेच. मथळे अभिमानाने फुगलेले होते. मे २०२५मध्ये ते मुंबईत ‘वेव्हज’ या माध्यम परिषदेच्या व्यासपीठावर आले आणि टाळ्या घेऊन गेले. डिसेंबर २०२५मध्ये ‘टाइम’ने त्यांना वर्षातले सर्वोत्तम सीईओ ठरवलं आणि आपल्याकडे तेच मथळे पुन्हा छापून आले. या सगळ्या काळात एक साधा प्रश्न विचारायचं कुणाला सुचलं नाही. या माणसाने १९९७पासून आजपर्यंत नेमकं काम काय केलं?

मी तो प्रश्न विचारतो आहे. नील मोहन हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि त्यांच्या हाताखाली काम केलेले लोक त्यांना सौम्य स्वभावाचे म्हणतात. हे मला मान्य आहे आणि इथे त्याचा काही संबंध नाही. माझं भांडण त्यांनी बांधलेल्या यंत्राशी आहे. दुसऱ्याने लिहिलेलं, दुसऱ्याने चित्रित केलेलं आणि तिसऱ्याने बघितलेलं विकून मधल्या माणसाने श्रीमंत व्हायचं, हा त्या यंत्राचा पाया. मोहन यांची सगळी कारकीर्द हा पाया भक्कम करण्यात गेली. आधी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर, मग व्हिडिओवर.

सुरुवात नेटग्रॅव्हिटीपासून करू. इंटरनेटवर जाहिरात दाखवणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवत असे. तुम्ही एखादं पान उघडता, तेव्हा बातमी एका यंत्रावरून येते आणि तिच्या शेजारची जाहिरात भलत्याच यंत्रावरून. कोणत्या वाचकाला कोणती जाहिरात दाखवायची, ती किती वेळा दिसली, कुणी तिच्यावर बोट ठेवलं, ही नोंद ते दुसरं यंत्र ठेवतं. स्टॅनफर्डमधून बाहेर पडल्यावर थोड्याच काळात मोहन या कंपनीत आले. १९९९मध्ये डबलक्लिकने नेटग्रॅव्हिटी विकत घेतली आणि मोहन डबलक्लिकचे झाले.

त्याच वर्षी डबलक्लिकने आणखी एक खरेदी केली. अ‍ॅबॅकस डायरेक्ट नावाची कंपनी टपालाने माल मागवणाऱ्या अमेरिकी कुटुंबांची नावं, पत्ते आणि खरेदीच्या सवयी साठवून होती. डबलक्लिककडे लोक इंटरनेटवर काय बघतात याची निनावी नोंद होती. दोन्ही नोंदी जोडल्या की तुम्ही रात्री काय वाचता हे तुमच्या नावासकट आणि घरच्या पत्त्यासकट विकायला मोकळं. अमेरिकेत मोठी ओरड झाली, सरकारी चौकशी सुरू झाली आणि मार्च २०००मध्ये कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माघार घ्यावी लागली. मोहन तेव्हा तरुण होते, निर्णय त्यांचा नव्हता. पण या धंद्याला कशाची भूक आहे, हे त्या दिवसापासून कुणापासूनच लपलेलं नाही.

एप्रिल २००७मध्ये गुगलने डबलक्लिक ३१० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने चार विरुद्ध एक अशा मतांनी परवानगी दिली. विरोधातलं एकमेव मत पामेला जोन्स हार्बर यांचं होतं. शोधाची माहिती आणि जाहिरातीची माहिती एका मालकाकडे गेली तर स्पर्धाही मरेल आणि खासगीपणाही, असं त्यांनी लेखी बजावलं होतं. शोधायला येणाऱ्या लोकांची नावं डबलक्लिकच्या नोंदींना चिकटवणार नाही, असं गुगल त्या काळात सांगत राहिलं. ती भिंत २०१६च्या जूनपर्यंत टिकली. मग गुगलने धोरणातलं ते वाक्य काढून टाकलं आणि नव्या खात्यांसाठी दोन्ही नोंदी जोडण्याची सोय आपोआप चालू ठेवली. अ‍ॅबॅकसच्या वेळी ज्यावर देश पेटला होता, ती गोष्ट सोळा वर्षांनी धोरणाच्या एका परिच्छेदात गुपचूप झाली. हार्बरबाई बरोबर होत्या. त्यांचं नाव आपल्याकडे कुठल्याही मथळ्यात आलेलं नाही.

२००८पासून २०१५पर्यंत मोहन गुगलमध्ये संकेतस्थळांवर दिसणाऱ्या डिस्प्ले जाहिरातींच्या व्यवहाराचे सूत्रधार होते. हा व्यवहार समजून घेतल्याशिवाय त्यांची कारकीर्द कळणार नाही, म्हणून थोडा वेळ द्या.

एखादी कांद्याची बाजारपेठ डोळ्यांसमोर आणा. शेतकरी ट्रॉली घेऊन येतो. त्याचा माल ज्याच्या गाळ्यावर उतरतो तो अडत्या, लिलाव पुकारणारा, वजनकाटा सांभाळणारा आणि व्यापाऱ्याच्या वतीने बोली लावणारा, हे चौघे एकाच मालकाचे नोकर आहेत. कोणत्या व्यापाऱ्याला आत घ्यायचं हे तोच मालक ठरवतो. शिवाय बाजाराबाहेर स्वतःच्या मळ्यातला कांदाही तो त्याच व्यापाऱ्यांना विकतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने अडतीविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा कुठे २०१६मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत त्याच्या खिशातून काढायची बंद झाली. इंटरनेटवरच्या जाहिरातींच्या बाजारात मात्र असा मालक खरोखरच उभा राहिला. संकेतस्थळं ज्या सॉफ्टवेअरमधून जागा विकतात ते गुगलचं. लिलाव होतो ते एक्स्चेंज गुगलचं. जाहिरातदार ज्यातून बोली लावतात ती साधनंही गुगलची. यूट्यूब हा त्याचा स्वतःचा मळा. एक्स्चेंजमध्ये होणाऱ्या प्रत्येक व्यवहारातून गुगल साधारण वीस टक्के कापून घेत राहिलं, आणि बाकी सगळ्या तंत्रज्ञानाच्या किमती घसरत असताना हा वाटा वर्षानुवर्षं तसूभरही हलला नाही. गोल्डमन किंवा सिटीबँकेकडेच न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराची मालकी असावी तसं हे आहे, असं गुगलच्याच एका अधिकाऱ्याने अंतर्गत ईमेलमध्ये लिहिलं होतं. आतल्या लोकांना कळत होतं.

जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने आणि अनेक राज्यांनी व्हर्जिनियाच्या न्यायालयात खटला भरला. सप्टेंबर २०२४मध्ये सुनावणी झाली आणि नील मोहन साक्षीला उभे राहिले. तिथे त्यांचा स्वतःचा एक जुना ईमेल त्यांच्यासमोर ठेवला गेला. कोणाकडून किती भाव मिळतो हे संकेतस्थळांना तोलून दाखवणाऱ्या काही छोट्या कंपन्या तेव्हा वाढत होत्या. गुगलच्या एक्स्चेंजला त्यांचा धोका होता. त्यांतली सगळ्यात चालणारी उचलावी आणि कुठेतरी पार्क करून ठेवावी, म्हणजे आपण आणखी मागे पडणार नाही, असा त्या ईमेलचा आशय. गुगलने त्यांतली अ‍ॅडमेल्ड २०११मध्ये घेतली. पुढे तिचं तंत्रज्ञान गुगलच्या एक्स्चेंजमध्ये मिसळलं आणि स्वतंत्र अ‍ॅडमेल्ड संपली. कंपनी मारून टाकण्याचा आपला हेतू नव्हता, असं मोहन यांनी साक्षीत सांगितलं. वाचकाने तो ईमेल आणि ती साक्ष शेजारी ठेवावी आणि स्वतः ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. स्पर्धकाशी झुंजायचं तर माल सुधारतात, त्याला विकत घेऊन बाजूला उभं करत नाहीत.

१७ एप्रिल २०२५ रोजी न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला. संकेतस्थळांसाठीच्या जाहिरात सर्व्हरच्या आणि एक्स्चेंजच्या बाजारात गुगलने बेकायदा मक्तेदारी राखली आणि एक हवं तर दुसरं घ्यावंच लागेल अशी दोन्हींची सांगड घातली, हा त्यांचा निष्कर्ष. सरकारचे सगळेच आरोप टिकले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. जाहिरातदारांच्या बाजूच्या बाजाराबद्दलचा आरोप न्यायालयाने फेटाळला, आणि डबलक्लिक व अ‍ॅडमेल्डची खरेदी सुटी काढून पाहिली तर तेवढ्यावरून कायदाभंग सिद्ध होत नाही असं म्हटलं. गुगलने अपील करणार असं जाहीर केलं. पण या वागण्याने संकेतस्थळांचं, स्पर्धेचं आणि शेवटी मोकळ्या इंटरनेटवर माहिती शोधणाऱ्या सामान्य माणसाचं नुकसान झालं, हे त्या निकालात स्वच्छ लिहिलं आहे. कर्मचाऱ्यांचे आपसातले संदेश आपोआप पुसले जात राहिले, त्याबद्दलही न्यायाधीशांनी कंपनीला फटकारलं. सप्टेंबर २०२५मध्ये युरोपीय आयोगाने याच धंद्यासाठी गुगलला २९५ कोटी युरोचा दंड ठोठावला.

हे नुकसान अमेरिकेपुरतं राहिलेलं नाही. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर ज्या बटबटीत जाहिराती उड्या मारत येतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच नळातून येतात. जिल्ह्याच्या ठिकाणचा वार्ताहर नगरपालिकेच्या टेंडरची बातमी काढतो, ती वाचली जाते, तिच्याशेजारी जाहिरात लागते, आणि त्या जाहिरातीच्या पैशातला आपला वाटा किती, कापलं किती, हे त्याच्या संपादकालाही नीट समजत नाही. भारतातल्या वृत्तप्रकाशकांच्या डिजिटल संघटनेने हीच तक्रार घेऊन स्पर्धा आयोगाचं दार वाजवलं आणि जानेवारी २०२२मध्ये आयोगाने चौकशीचे आदेश दिले. ज्या वृत्तपत्रांची संघटना एका हाताने ही तक्रार करते, तीच वृत्तपत्रं दुसऱ्या हाताने त्या यंत्राच्या शिल्पकाराच्या आरत्या छापतात. पगार रोखलेल्या वार्ताहराला हे कोण समजावणार?

२०१५मध्ये मोहन यूट्यूबचे मुख्य उत्पादन अधिकारी झाले. तेव्हा सुसान वोजिकी तिथल्या प्रमुख होत्या. त्याही जाहिरातींच्याच विभागातून आलेल्या. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या व्हिडिओच्या ठिकाणाची सूत्रं ओळीने दोनदा जाहिरातवाल्यांच्या हाती गेली. चित्रपट, नाटक, संगीत, शिक्षण, पत्रकारिता, यांतून कुणी आलं नाही.

यूट्यूबने २०१२मध्येच व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला महत्त्व द्यायला सुरुवात केली होती. रोज शंभर कोटी तास बघितले गेले पाहिजेत, असं लक्ष्य तेव्हा ठरलं आणि २०१६मध्ये ते गाठलं गेलं. जानेवारी २०१८मध्ये लास व्हेगासच्या तंत्रज्ञान मेळ्यात मोहन यांनी अभिमानाने सांगितलं की, यूट्यूबवर लोक जेवढा वेळ घालवतात त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक वेळ कंपनीच्या यंत्राने सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो. हे त्यांचं वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे. कारण पुढे तिथे विष पसरलं, तेव्हा उत्तर असं आलं की, लोक जे शोधतात तेच आम्ही दाखवतो.

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये एका वर्णद्वेष्ट्याने दोन मशिदींत शिरून गोळीबार केला. ५१ माणसं गेली. त्याने ते थेट प्रक्षेपित केलं होतं. त्या रात्री त्या चित्रफितीच्या प्रती सेकंदाला एक या वेगाने यूट्यूबवर चढत होत्या आणि त्या उतरवण्याच्या लढाईचं नेतृत्व मोहन करत होते. माणसांनी तपासून काढण्याची पद्धत अपुरी पडली, ती बाजूला ठेवून सगळं यंत्रावर सोडावं लागलं, शोधाच्या काही सोयी बंद कराव्या लागल्या. त्या रात्री त्यांनी प्रयत्न केले, हे मी नाकारत नाही. पण त्याच महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकाराने त्यांना विचारलं की तुमचं यंत्र माणसाला पायरी पायरीने टोकाला नेतं का, तेव्हा त्यांनी या समजाला मिथक म्हणून उडवून लावलं. कबरींवरची माती अजून ओली होती. न्यूझीलंडच्या शाही चौकशी आयोगाचा अहवाल २०२०मध्ये आला. मारेकऱ्याच्या विचारांच्या जडणघडणीत यूट्यूबचा मोठा वाटा होता, असं त्या अहवालात नोंदवलेलं आहे. श्रेय घ्यायची वेळ आली की सत्तर टक्के आमचं यंत्र, आणि दोष घ्यायची वेळ आली की बघणाऱ्याची आवड. इतका उघड दुटप्पीपणा गावच्या सरपंचाने केला असता तर ग्रामसभेत त्याला कुणी बोलू दिलं नसतं.

आता ज्यांच्या नावाने ही कंपनी ढोल बडवते, त्या व्हिडिओ बनवणाऱ्यांकडे येऊ. यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा निर्मात्याला दिला, ही इंटरनेटवरची चांगली गोष्ट होती आणि तिने खरोखर घरं उभी केली. पुढे काय झालं ते पाहा. २०१७मध्ये द्वेषाच्या व्हिडिओंवर आपल्या जाहिराती लागल्याचं पाहून मोठ्या कंपन्यांनी पैसे काढून घेतले. चूक कंपनीच्या यंत्राची होती. शिक्षा लहान निर्मात्यांना झाली. १६ जानेवारी २०१८ रोजी मोहन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट किन्क्ल यांच्या नावाने घोषणा आली, की १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास बघितलं गेल्याशिवाय यापुढे जाहिरातीचा वाटा नाही. ज्यांना काढलं त्यांतले बहुतेक जण महिन्याला फार थोडे डॉलर मिळवत होते, असं कारण त्यात दिलं होतं. महिन्याला थोडे डॉलर म्हणजे बीडमधल्या एखाद्या मुलाचं रिचार्ज, कॅमेऱ्याच्या बॅटरीचा हप्ता, घरच्यांना दाखवायला एक आकडा. ते थोडे आहेत म्हणून काढून घ्यायचे, हा न्याय कोणता?

त्याहून वाईट २०२०च्या नोव्हेंबरमध्ये झालं. कंपनीने सेवेच्या अटी बदलल्या आणि सगळ्याच व्हिडिओंवर जाहिराती दाखवण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. जो निर्माता जाहिरातीच्या वाट्याला पात्र ठरून अजून भागीदार झालेला नाही, त्याच्या व्हिडिओवरही जाहिरात लागेल, आणि तिचा एक पैसाही त्याला मिळणार नाही. २०२१मध्ये हा नियम जगभर लागू झाला. म्हणजे २०१८मध्ये याच निर्मात्यांना सांगितलं होतं की तुमच्या व्हिडिओवर जाहिरात लावण्याइतका तुमचा भरवसा नाही. तोच व्हिडिओ, तोच माणूस, पण पैसे सगळे कंपनीचे असतील तर भरवसा आहे. मी या नियमाला चोरी म्हणतो. अटींवर होकाराचं बटण दाबून घेतलं म्हणून चोरी व्यवहार होत नाही.

मे २०२५मध्ये मुंबईत मोहन म्हणाले की, गेल्या तीन वर्षांत भारतातल्या निर्मात्यांना, कलाकारांना आणि माध्यम कंपन्यांना मिळून २१,००० कोटी रुपयांहून अधिक दिले. त्याच भाषणात त्यांनी सांगितलं की, वर्षभरात भारतातल्या दहा कोटींहून अधिक चॅनेलांनी काही ना काही चढवलं आणि त्यांतल्या पंधरा हजारांहून अधिकांचे दहा लाखांवर सदस्य आहेत. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. कागद-पेन घेऊन बसणारा कुणी नव्हता. २१,००० कोटींना दहा कोटींनी भागा. चॅनेलमागे २,१०० रुपये येतात, तेही तीन वर्षांचे. महिन्याला साठ रुपयेसुद्धा होत नाहीत. सरासरी खोटं चित्र दाखवते, हे मला माहीत आहे. खरं चित्र याहून कठोर आहे, कारण या रकमेत मोठ्या संगीत कंपन्या आणि वाहिन्याही आहेत, आणि दहा लाख सदस्यांचं शिखर गाठणारा साडेसहा हजारांत एक. बाकीचे आपल्या चुलीपुढे, शेताच्या बांधावर, कीर्तनाच्या मंडपात कॅमेरा धरून यूट्यूबचं गोदाम फुकट भरत आहेत. मराठीत बोलणाऱ्याला त्यातही फटका, कारण जाहिरातदार अमेरिकेतल्या इंग्रजी प्रेक्षकासाठी जो भाव मोजतो तो नांदेडच्या प्रेक्षकासाठी मोजत नाही.

त्याच भाषणात पुढच्या दोन वर्षांसाठी ८५० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा सगळीकडे झळकला. २०२४ या एका वर्षात यूट्यूबचं नुसतं जाहिरातींचं जागतिक उत्पन्न सुमारे ३,६१५ कोटी डॉलर होतं, म्हणजे सुमारे तीन लाख कोटी रुपये. वर्षाला ४२५ कोटी हा त्याचा शंभरावा भागसुद्धा नाही, त्याच्याही सातव्या हिश्श्याच्या आसपास आहे. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर भारताने २०१६पासून लावलेला सहा टक्के कर, अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालू असताना, १ एप्रिल २०२५पासून रद्द झाला. महिन्याभराने मुंबईत मंच सजला आणि जाहीर झालेल्या ८५० कोटींबद्दल आपण आभार मानले.

मुलांचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तिथे मला संयम ठेवणं अवघड जातं. सप्टेंबर २०१९मध्ये गुगल आणि यूट्यूबने अमेरिकी व्यापार आयोगाला आणि न्यूयॉर्क राज्याला मिळून १७ कोटी डॉलर भरले. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आईवडिलांना न विचारता गोळा करून त्यांच्यावर जाहिराती नेमल्याचा तो आरोप होता. आयोगाच्या तक्रारीत एक तपशील आहे. कायद्यासमोर ‘आमचं संकेतस्थळ मुलांसाठी नाही’ असं सांगणारी हीच कंपनी मॅटेल या खेळणी कंपनीपुढे जाऊन ‘सहा ते अकरा वयाच्या मुलांपर्यंत पोचण्यात आम्ही टीव्ही वाहिन्यांच्या पुढे आहोत’ अशी फुशारकी मारत होती. या काळात यूट्यूबच्या उत्पादनांचे मुख्य अधिकारी कोण होते, हे वर आलंच आहे.

जून २०२०च्या शेवटी भारताने टिकटॉकवर बंदी घातली. अडीच महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ ही छोट्या व्हिडिओंची सोय जगात सगळ्यात आधी भारतात आणली. आपली पोरं मोकळी सापडली होती. तेव्हापासून अंगठा वर सरकवत राहण्याची जी सवय घराघरात लागली आहे, तिचं वर्णन मी इथे करत नाही. वाचणाऱ्याच्या घरातही ती आहे. मोहन यांना दोन मुलगे आणि एक मुलगी असून आपण मुलांच्या या वेळेवर मर्यादा घालतो, असं त्यांनी ‘टाइम’ला सांगितलं. बाप म्हणून योग्यच करतात. मग तीच मर्यादा लातूरच्या मुलासाठी यंत्रातच आधीपासून बसवलेली का नाही? ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती १० डिसेंबर २०२५पासून बंद केली आणि आधी सवलत मिळालेलं यूट्यूब पुढे त्या यादीत घातलं, तेव्हा कंपनीने त्याला विरोध केला. घरात मर्यादा आणि बाहेर विरोध.

या धंद्याची दिशा बघायची असेल तर मे २०२५मध्ये न्यूयॉर्कला जाहिरातदारांसमोर मांडलेली एक योजना बघा. व्हिडिओतला प्रेक्षक सगळ्यात जास्त गुंतलेला असतो तो क्षण कृत्रिम बुद्धिमत्ता शोधून काढेल आणि जाहिरात त्या क्षणालगत लावेल. म्हणजे गायिका सम पकडते, खेळाडू शेवटचा चेंडू टाकतो, आई मुलाला स्टेशनवर निरोप देते, नेमकं तिथे साबण. १९९७ची नेटग्रॅव्हिटी पानाच्या कडेला जागा शोधत होती. अठ्ठावीस वर्षांनी हा धंदा माणसाच्या भरून आलेल्या मनात जागा शोधतो आहे. या कारकिर्दीचं याहून नेमकं मोजमाप मला सापडलेलं नाही.

आणि तत्त्वांबद्दल बोलायचं तर सप्टेंबर २०२५ पुरेसा आहे. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकी संसदेवरच्या हल्ल्यानंतर यूट्यूबने डोनाल्ड ट्रम्प यांचं चॅनेल बंद ठेवलं, कारण हिंसेचा धोका आहे असं कंपनीचं म्हणणं होतं. ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले आणि या बंदीविरुद्ध ट्रम्प यांनी भरलेल्या दाव्यात मोहन यांच्या कंपनीने २ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यातले बहुतांश व्हाइट हाउसच्या नव्या नृत्यगृहाकडे वळले. सत्तेपुढे अशी वाकणारी कंपनी दिल्लीतून किंवा मुंबईतून कुणी डोळे वटारले तर मराठी पत्रकाराच्या चॅनेलमागे उभी राहील, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो भ्रम सोडावा.

यूट्यूबने चांगलं काही केलंच नाही असं मी म्हणत नाही. खेड्यातल्या मुलीला गणित शिकवणारा शिक्षक तिथे भेटतो, विस्मृतीत गेलेली नाट्यपदं ऐकायला मिळतात, कोपऱ्यातल्या सुगरणीला जगभरचे मराठी लोक ओळखतात. पण ते गणित शिक्षकाचं आहे, पदं गायकाची आहेत, स्वयंपाक त्या बाईचा आहे. त्याचं श्रेय जाहिरातीच्या लिलावाला देऊ नका.

संपादकांना माझं सांगणं आहे. पुढच्या वेळी अशा माणसाची नेमणूक झाली, पुरस्कार मिळाला, तो मुंबईत आला, तर त्याचा वंश आणि शाळा एका ओळीत संपवा आणि उरलेल्या जागेत ब्रिंकेमा यांच्या निकालाचा सारांश छापा. पत्रकार परिषदेत त्याला विचारा की भागीदार नसलेल्या मराठी निर्मात्यांच्या व्हिडिओंवर गेल्या वर्षी तुम्ही किती जाहिराती लावल्या आणि त्यांचे किती रुपये खिशात घातले. स्पर्धा आयोगाने २०२२मध्ये सुरू केलेल्या चौकशीचा निष्कर्ष लोकांपुढे ठेवावा. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांवर नेमून जाहिरात करायला मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. ही मुदत संपेल तेव्हा पळवाटा शोधल्या जातील, दिल्लीत भेटीगाठी होतील, नवी गुंतवणूक जाहीर होईल. आपल्या खासदाराला आजच पत्र लिहा आणि विचारा, की त्या दिवशी तो कुणाच्या बाजूने उभा असणार आहे.